राखोबाच्या छातीतले छत्तीस पत्ते

कोसाड, सुरत
६ जुलै २०२५

प्रिय किरण,

एकतीस वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी ओळख सांगते. मी हर्षदा. लिंबायतच्या चाळीत तुझ्या शेजारच्या खोलीत राहणारी, वसंत पत्तेवाल्याची मुलगी. आमच्या शाळेत यंदा मनीषाबाई आल्या, त्यांचं माहेर साक्रीचं. डबा खाताना म्हणाल्या, भावाची म्हैस मरणाच्या दारातून किरण डॉक्टरीणबाईंनी परत आणली, त्या म्हणे लहानपणी सुरतेला होत्या. मेलेल्याला उठवणारी किरण माझ्या माहितीत एकच होती. लगेच दवाखान्याचा पत्ता मागून घेतला.

फोन नंबरही मिळाला. पण राखोबाबद्दल तोंडाने बोलायचं नाही हा नियम तूच केला होतास. बोललं की श्वासाने त्याची राख उडते आणि तो तेवढा झिजतो. म्हणून लिहायचं. तेव्हा लिहिते आहे.

राखोबा आठवतो ना? आपल्या 'पल्याड' देशातला मेलेला ड्रॅगन. बाकीचे सात जिवंत होते, त्यांची नावंसुद्धा मी विसरले. मेल्यावर तेराव्या दिवशी उठून बसलेला तो एकटाच. आई गेली त्या उन्हाळ्यात आपण त्याला तयार केलं. त्याचं सगळं अंगशास्त्र एका दोनशे पानी वहीत होतं. ती वही २००६च्या पुरात आमच्या घरातून वाहून गेली असावी. मी फार शोधली.

आता काम सांगते. माझे आबा गेल्या पौषात गेले. त्यांच्या पलंगाखाली एक गोणी निघाली, वर त्यांच्या अक्षरात 'राखोबा'. आत जेकार्डचे पत्ते. तुला आठवत असेल, आबा ह्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचे, एक पट्टी म्हणजे कापडातली एक ओळ. शेकडो पट्ट्या दोऱ्याने ओवून मागाच्या संच्यावर चढवल्या की कापडात फुलं उमटायची. आता ते सगळं कॉम्प्युटर करतो. आबा कधीतरी म्हणाले होते की तुमचा ड्रॅगन मी पाडून ठेवलाय, संचा मोकळा झाला की विणू. मला वाटलं, माझी समजूत घालतायत. तो खरंच पाडलेला होता आणि कधीच विणला गेला नाही.

पुरात निळ्या शाईचे नंबर धुऊन गेले, दोरे कुजले आणि बहुतेक पत्ते एकमेकांना चिकटले. सगळे मिळून तेवीस गठ्ठे आहेत. गठ्ठ्याच्या आत क्रम बरोबर आहे. पण कुठला गठ्ठा आधी नि कुठला नंतर, ते कळत नाही.

आबांचे सोबती दगाकाका पर्वत पाटियाजवळच्या एका यंत्रमागाच्या खात्यात अजून जातात. तिथे जुन्या जेकार्डचा शेवटचा संचा उभा आहे. मालक छगनभाई म्हणाले, "दशेरा सुधी राखीश, बेन. पछी भंगारमां." दगाकाका म्हणाले, "पत्ता लई ये पोरी, मी चढाडसू." म्हणजे दसऱ्यापर्यंत राखोबा विणला तर विणला. नंतर तो कुठेच चढणार नाही. आबांच्या हातचं हे शेवटचं, आणि मला ते एकदा कापडावर बघायचं आहे.

राखोबाचं अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत तुला पाठ होतं. आठवेल तेवढं लिही. आपलं शेवटी काहीतरी भांडण झालं होतं असं अंधुक आठवतं, कशावरून ते मात्र आठवत नाही. तूही विसरली असशील.

तुझी,
हर्षदा


पशुवैद्यकीय दवाखाना, ता. साक्री, जि. धुळे
१७ जुलै २०२५

प्रिय हर्षदा,

तुझं पत्र एका रेडकाला सलाईन लावताना वाचलं. मालकाला वाटलं, औषधाचा कागद वाचतेय. त्याने विचारलं, वाचेल ना? मी म्हटलं, तो तर कधीच मेला आहे. बिचाऱ्याचा चेहरा पडला, मग त्याला समजावत बसावं लागलं.

काका गेल्याचं वाईट वाटलं. पत्ते पाडताना त्यांच्या पायाची ती ठकठक मला अजून आठवते. आपण दोघी तुझ्या आईच्या साडीच्या गोधडीवर पालथ्या पडून वही लिहायचो. त्या साडीतल्या प्रत्येक फुलाच्या देठाला मध्येच एक कुबड होतं. सुचेनासं झालं की मी त्या कुबडावरून बोट फिरवत बसायची. ती गोधडी आहे का अजून?

वही गेली याचं वाईट वाटतं. आठवतं ते सांगते.

मानेत एकेचाळीस मणके. जिराफालाही सातच असतात, पण ते आपल्याला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सगळी हाडं पक्ष्यासारखी पोकळ, आणि प्रत्येकाला भोकं, कारण तुझ्या घरात भोकांशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. रक्त नाही. वारा भोकांतून शिरला की शिरांतली राख सरकते, आणि मग तो चालतो. वारा पडला की असेल तिथे थांबतो. म्हणून पल्याडमध्ये कोणी त्याला घाबरायचं नाही, संध्याकाळी वारा पडला की मुलं त्याच्या पाठीवर चढून बसायची.

श्वास फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे तो जवळून गेला की लोकांच्या हातातला चहा निवतो. आग मात्र आहे. तेव्हा आपण ती कशी ते लिहिलं नव्हतं, आता मी सांगू शकते. शेणखताचा ढीग पावसाळ्यात आतून किती गरम असतो, हात घालून बघ. कुजणाऱ्या गोष्टीला स्वतःची ऊब असते, आणि पोटातला वायू तर पेटतोच. मेलेल्या ड्रॅगनला जिवंतापेक्षा आग पुरवून वापरता येईल, हे पशुवैद्य म्हणून छातीठोक सांगते.

खात काही नाही, पण रवंथ करतो. मरायच्या आधी जे शेवटचं खाल्लं तेच, कायम. झोप लागत नाही, तरी डोळे मिटतो, सवय म्हणून. पंखांचं कातडं गळून गेलं तेव्हा त्याने खात्याबाहेरचं न रंगवलेलं ग्रे कापड उचलून ताणून बसवलं, म्हणून त्याच्या पंखांना रंग नाही. पंख सोळाव्या आणि सतराव्या बरगडीच्या वर जोडलेले. मागचा डावा पाय लंगडा, त्यातलं एक हाड तापीत पडलं. शेपटीचं टोक धोट्यासारखं.

एवढ्यावर जमतं का बघ. गठ्ठ्यांच्या भोकांची नक्कल कागदावर काढून पाठवलीस तर जास्त सांगता येईल.

किरण


कोसाड
२७ जुलै २०२५

प्रिय किरण,

तुझं डोकं आहे का दवाखान्याचं रजिस्टर? मानेचे गठ्ठे शोधले, दोन्ही जोडून भोकं मोजली. एकेचाळीस. आबांनी एकही मणका कमी केला नाही की जास्त केला नाही. लंगडा पायही सापडला. गठ्ठा एकवीस, त्यात एका हाडाच्या जागी नुसतं कोरं.

दर रविवारी मी, दगाकाका आणि पुठ्ठ्याचा वास असे तिघे खात्यात बसतो. ओल्याने फुगलेले पत्ते वाफेवर धरून सुटे करायचे, मग नव्या दोऱ्यात ओवायचे. माझी बोटं सोलली. रोहित, माझा नवरा, म्हणतो की शाळेतल्या मुलांच्या वह्या तू इतक्या मायेने कधी तपासल्या नाहीस. खरं आहे. आबांच्या हयातीत मी त्यांच्या शेजारी असं कधी बसले नव्हते. ते पत्ते पाडायचे आणि मी भोकातून निघालेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या गोळा करून कपाळाला लावत फिरायची. त्यांना काय पाडताय म्हणून कधी विचारलं नाही.

गोधडी आहे. माझ्या पलंगावरच आहे.

बावीस गठ्ठे जागेवर बसले. तेविसाव्याचा मात्र मेळ लागत नाही. तो चिकटलेला नव्हता, वेगळा पांढऱ्या दोऱ्यात बांधलेला होता. छत्तीस पत्ते. कडेला थोडी बरगडीसारखी भोकं, मध्ये भलतंच काहीतरी, आणि एक भोक तर सरळ रेषेतून बाजूला पडलेलं. आबा असं काम हातातून सोडत नसत. कुणा शिकाऊचे पत्ते चुकून गोणीत आले असतील, म्हणून मी ते बाजूला ठेवले. तरी सगळ्याची नक्कल सोबत पाठवते. सतरा नि अठरा ह्या गठ्ठ्यांमध्ये, म्हणजे बरोबर छातीत, काय होतं ते सांग. तिथेच अडलं आहे.

हर्षदा


साक्री
९ ऑगस्ट २०२५

हर्षदा,

गुरांमध्ये लंपी आला आहे, पाड्यापाड्यावर लसीकरण चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. छातीचं मला नीट आठवत नाही. बहुतेक काहीच नव्हतं. सतरा आणि अठरा जोडून टाक. ते छत्तीस शिकाऊचेच असतील.

तब्येतीला जप.
किरण


कोसाड
३१ ऑगस्ट २०२५

किरण,

तू सांगितलंस तसं जोडलं. बरगड्या जुळत नाहीत. डावीकडच्या एकदम तीन बोटं आत उडी मारतात, राखोबाला कुणी मध्येच कापून परत चिकटवल्यासारखा दिसतो. दगाकाका पत्ते उजेडात धरून म्हणाले, "मझारमा काहीतरी गयं शे." म्हणजे मधलंच काहीतरी गेलं आहे.

छातीचं आठवून तू पुन्हा लिहिशील म्हणून तीन आठवडे वाट पाहिली. कामात असशील हे कळतं. पण एकेचाळीस मणके आठवतात, कुठल्या बरगडीवर पंख आहे ते आठवतं, आणि छाती तेवढी आठवत नाही, हे मला पटत नाही. काही सांगायचं टाळते आहेस का? टाळत असशील तर टाळ, पण मग हे सगळं इथेच थांबवते. दसरा दोन ऑक्टोबरला आहे. कापलेला राखोबा विणून घेण्यापेक्षा आबांची गोणी पुन्हा पलंगाखाली सरकवलेली बरी.

हर्षदा


साक्री
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय हर्षदा,

सोबतचं पार्सल उघडलंस की राग येईल. आधी पत्र वाच.

वही पुरात गेली नाही. ती पुराच्या बारा वर्षं आधीपासून माझ्याकडे आहे. मला आठवलं असं मी लिहीत गेले आणि समोर वही उघडून नक्कल करत गेले. एकेचाळीस मणके कोणाच्या लक्षात राहतात?

त्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि चाळ दोन दिवसांत अर्धी रिकामी झाली, ते तुला आठवत असेल. आमच्या वडिलांनी सकाळी सांगितलं की दुपारच्या गाडीने निघायचं, पेटी एकच. मी पेटीतले माझे कपडे काढून तिथे वही ठेवली. वही माझ्याकडे असली की ती द्यायला तरी परत यावंच लागेल, असं मला वाटलं होतं. मग वडिलांनी धुळ्यालाच काम धरलं. नंतर परत येण्याचं वय राहिलं नाही, आणि वही पोस्टाने पाठवायचं धाडस झालं नाही.

धाडस का झालं नाही, ते पान बावन्नवर बघ. तिथे तू राखोबाच्या छातीत लाल पेन्सिलीने काळीज काढलं होतंस, आणि मी ते शाईने खोडलं आहे. भांडण त्यावरूनच झालं होतं. तू म्हणत होतीस की तो उठून बसला म्हणजे त्याला काळीज असणारच. मी म्हटलं, मेलेल्याला काळीज नसतं, तुझ्या आईलाही आता नाही. तुझी आई जाऊन चार महिने झाले होते. आपण अकरा वर्षांच्या होतो, पण अकराव्या वर्षीही हे बोलू नये एवढं कळतं. मला तेव्हाही कळत होतं. तू विसरलीस असं लिहिलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग वहीबद्दल सांगताच येईना. वही आली की पान बावन्न आलंच.

आता छाती. निघायच्या आदल्या संध्याकाळी वसंतकाका आमच्या दाराशी आले होते. ते तुला माहीत नाही. त्यांनी वही मागितली, एक-एक पान बघून कागदावर टिपून घेतलं आणि त्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "आठे काई नही?" मी म्हटलं, नाही काका, तिथे रिकामं असतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मंग छत्तीस पत्तानी जागा ठेव. मी दखसू." मी त्यांच्यासमोरच पानाच्या कडेला लिहिलं: छातीत छत्तीस पत्ते. काका बघतील. ते अजून तसंच आहे.

तेव्हा तो पांढऱ्या दोऱ्याचा गठ्ठा कुणा शिकाऊचा नाही. सतरा नि अठराच्या मध्ये लाव. त्यात काय आहे ते मला नकलेवरून कळलं नाही, खूप वेळ बघत बसले. काहीही असलं तरी ते काकांनी तिथे ठेवलेलं आहे.

मी माफी मागते. फार उशीर झाला आहे, तरी मागते.

किरण


कोसाड
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय किरण,

पार्सल आलं तेव्हा मी वर्गात होते. मुलांना शुद्धलेखन घातलं आणि वही उघडली. पान बावन्न आधी उघडलं. मग दोन दिवस तुझ्यावर रागावले. मग गठ्ठा तेवीस मध्ये लावला. बरगड्या जुळल्या, एक दोराही इकडचा तिकडे नाही.

दसऱ्याला खात्याला सुट्टी होती. सगळ्या संच्यांना झेंडूचे हार, कुंकवाचे टिळे, छगनभाई स्वतः नारळ घेऊन आले. म्हणाले, "एने पण छेल्ली वार चालवा दो." ह्यालाही शेवटचं एकदा चालू द्या. दगाकाकांनी आमच्या संच्याला हार घातला, पाया पडले आणि खटका ओढला. किती दिवसांनी तो आवाज ऐकला. आबांच्या अंगाला तेलाचा आणि पुठ्ठ्याचा एक मिळून वास यायचा, तो तिथे कुठूनसा आला. आपली चाळ, तुझ्या घरातली फोडणी, दारात वाळत घातलेल्या शेवया, सगळं त्या खडखडाटात होतं. मला वाटलं, संचा थांबूच नये.

पण कापड सुलटं दिसत नव्हतं. जेकार्डवर कापड उलटं विणलं जातं, विणताना वर दिसते ती पाठ. मान आली, बरगड्या आल्या, त्या पाठीकडूनही ओळखू येत होत्या. छातीचे छत्तीस पत्ते चढले आणि तिथे नुसता सुट्या धाग्यांचा गुंता झाला. मला वाटलं, त्या चुकीच्या भोकाने सगळं घालवलं. शेपटीचं टोक आलं, त्यांनी संचा बंद केला, कापड कापलं आणि झटकून उलटवलं.

किरण, राखोबाच्या छातीत आईच्या साडीतली बुटी आहे. कुबडासकट.

ती साडी तुला गोधडी म्हणूनच माहीत आहे. आबांनी स्वतःच्या डोक्याने काढलेली ती पहिली डिझाईन होती. पत्ते पाडताना एक भोक पट्टीवरच्या शेजारच्या घरात पडलं आणि ताक्यातल्या प्रत्येक फुलाच्या देठाला कुबड आलं. शेठने माल नाकारला, आबा मान खाली घालून एक साडी घरी घेऊन आले. आईने ती अठरा वर्षं नेसली. कोणी हसलं तर म्हणायची, दुसऱ्या कोणाकडे आहे का अशी? त्यानंतर आबांच्या हातून भोक चुकलं नाही. म्हणूनच तो गठ्ठा मी त्यांचा मानला नाही, त्यांची एवढी मोठी खूण हातात घेऊन बाजूला ठेवली.

मी दगाकाकांना विचारलं, इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा तीच चूक कशी झाली असेल? ते म्हणाले, "दोन येळा तीच चूक व्हस नही, पोरी. हाई तेनी मुद्दाम करेल शे." मी खात्यातच बसून रडले. छगनभाईंनी पेढा पुढे केला, तो हातात धरून रडले. घरी येऊन कापड गोधडीवर पसरलं. कुबड त्याच दोऱ्यावर आहे.

आपलं भांडण आबांनी पातळ भिंतीपलीकडून ऐकलं होतं, हे आता कळतं. मला ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. तुला तर रागावलेही नाहीत. छत्तीस पत्ते पाडले आणि पांढऱ्या दोऱ्याने वेगळे बांधून ठेवले, म्हणजे नेमके सापडावेत. ते तुझ्या रिकाम्या जागेतच बसले. तू तिथे सलग बरगड्या काढल्या असत्यास तर आईला राखोबात जागा मिळाली नसती.

आता माझं खोटं. भांडण कशावरून झालं ते आठवत नाही असं मी लिहिलं होतं. तू बोललेला एकेक शब्द मला पाठ होता. तुला पत्र लिहायला एकतीस वर्षं लागली ती त्यामुळेच. आता तो शब्द आठवून बघते, तर त्याच्यासोबत आधी ते फूलच डोळ्यापुढे येतं.

संचा परवा गेला. राखोबा माझ्याकडे आहे, हातभर लांब, राखाडी, एका पायाने लंगडा. तो मी पोस्टाने पाठवणार नाही. वही मात्र ह्या पत्राबरोबर परत पाठवते आहे. ती तुझ्याकडेच राहू दे. ती तुझ्याकडे असली की परत यावंच लागतं, असं तूच लिहिलं आहेस.

हर्षदा


साक्री
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय हर्षदा,

वही मिळाली. रजा मंजूर झाली आहे, येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने निघते, दुपारपर्यंत कोसाडला पोचेन. वही पिशवीत भरून झाली.

भरण्याआधी पान तीनवरचा नियम दुरुस्त केला, शाईने, खाली सही करून. छातीत काळीज आहे म्हटल्यावर राखोबा श्वास बाहेरही सोडत असणार, आणि ज्याची राख स्वतःच्या श्वासाने उडत नाही, त्याची आपल्या श्वासाने उडायचं कारण नाही. तेव्हा आता त्याच्याबद्दल तोंडाने बोलायला हरकत नाही. आल्यावर बोलू.

किरण